टर्म पॉलिसी ऑनलाइन घ्यावी की एजंटकडून? आमच्या घरात दोन्ही झालं

आमच्या घरात दोन टर्म पॉलिसी (ठरलेल्या मुदतीचा आयुर्विमा) आहेत. माझी मी लॅपटॉपवर बसून स्वतः काढली. फॉर्म भरायला रविवारची एक दुपार गेली आणि दहाव्या दिवशी पॉलिसी मेलवर आली. नवऱ्याची एजंटमार्फत काढली. तिला दीड महिना लागला, एजंट चार वेळा घरी आले, मेडिकल दोनदा झाली, आणि मध्ये एकदा नवरा "नकोच ती कटकट" म्हणून रुसूनही बसला. तरी कोणी विचारलं तर मी सांगते की दोघांनाही आपापली वाट बरोबर मिळाली.

मी नाशिकला एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघते. पगार बँकेत येतो, फॉर्म १६ मिळतो, तब्येतीची काही कुरकुर नाही. नवऱ्याचं सातपूर एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. त्याच्या नावावर मशिनरीचं कर्ज आहे, रोजची बीपीची गोळी आहे आणि वीस वर्षांची तंबाखू आहे. एका ताटात जेवणारी माणसं, पण विमा कंपनीच्या लेखी दोन अगदी वेगळ्या केस. ऑनलाइन की एजंट हा प्रश्न बहुतेक जण हप्त्यातला फरक बघून सोडवतात. माझ्या मते आधी आपली केस साधी आहे की गुंत्याची, ते बघावं. हप्ता नंतर.

१. टर्म म्हणजे काय, हे घरात एकदा नीट बोलून घ्या

लग्नानंतर वर्षभरात लांबच्या नात्यातले एक भाऊजी आमच्याकडे आले होते. एजंट होते. मी टर्मबद्दल विचारलं तर म्हणाले, "वहिनी, टर्ममध्ये काही परत मिळत नाही. माणूस जगला तर पैसे पाण्यात. त्यापेक्षा ही घ्या, वीस वर्षांनी एकरकमी मिळतील." आम्ही ती घेतली. वर्षाला २५ हजारांच्या आसपास हप्ता आणि कव्हर, म्हणजे माणूस गेला तर घरच्यांना मिळणारी रक्कम, किती, तर ५ लाख! नवऱ्याला काही झालं असतं तर त्या ५ लाखांत मशिनरीचं कर्जसुद्धा फिटलं नसतं.

भाऊजी खोटं बोलले नव्हते. टर्ममध्ये खरंच काही परत मिळत नाही. मुदतीत माणूस गेला तर घरच्यांना रक्कम मिळते, जगला तर नाही, आणि म्हणूनच थोड्या हप्त्यात मोठं कव्हर मिळतं. 'हप्ते परत' देणाऱ्या टर्म पॉलिसीही असतात. त्यांचा हप्ता साध्या टर्मपेक्षा बराच जास्त असतो, आणि परत मिळतात ते आपलेच पैसे, पंचवीस-तीस वर्षांनी, व्याजाशिवाय. मी त्या वाटेला गेले नाही.

हातात फारच थोडे पैसे असतील तर बँकेतून मिळणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आजच सुरू करा. वर्षाला ४३६ रुपये, २ लाखांचं कव्हर, वय १८ ते ५०. पण संसारासाठी २ लाख पुरत नाहीत, हे लक्षात ठेवा.

२. कव्हर किती हवं, ते कागदावर मांडा

एजंट असो की वेबसाइट, दोघंही १ कोटी हा आकडा पुढे करतात, कारण तो ऐकायला गोल वाटतो. आपला आकडा आपण काढावा. नवऱ्यासाठी आम्ही असा काढला:

- त्याच्या कमाईवर चालणारा घरखर्च महिन्याला ३५ हजार, म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार. त्याची २० पट: ८४ लाख
- फेडायचं उरलेलं कर्ज: १८ लाख
- दोन मुलांची शिक्षणं: २० लाख
- वजा आधीची बचत, एफडी आणि जुनी पॉलिसी: १५ लाख

उत्तर आलं १ कोटी ७ लाख. वीसपट हा काही शास्त्रीय नियम नाही, पण रक्कम बँकेत ठेवून व्याजावर घर चालवायचं तर त्याच्या आसपास लागतं. महागाईचाही हिशेब करून बघा. वर्षाला ६ टक्के महागाई धरली तर वीस वर्षांनंतरचे १ कोटी म्हणजे आजचे साधारण ३१ लाख.

मुदत किती? कमावण्याचं वय संपेपर्यंत, म्हणजे साठ-पासष्टपर्यंत. ८५ किंवा ९९ वर्षांपर्यंतचं कव्हर विकायचा बराच आग्रह होतो. तोपर्यंत मुलं स्वतः आजी-आजोबा व्हायला आलेली असतील, त्यांना तुमच्या विम्याची काय गरज?

आता व्यवसाय करणाऱ्यांचा सापळा. कंपनी तुम्ही मागाल तेवढं कव्हर देत नाही, उत्पन्न बघून देते. वयानुसार वार्षिक उत्पन्नाच्या काही पट, आणि वय वाढलं की ती पट कमी होते. नवऱ्याच्या आयकर रिटर्नमध्ये उत्पन्न दिसत होतं ५ लाख. वर्षानुवर्षं कर वाचवायला आकडा खाली ठेवला होता, तो इथे आडवा आला. कंपनीने ७५ लाखांच्या वर जायला नकार दिला. पुढच्या वर्षापासून रिटर्न पूर्ण भरायचं, असं त्याने त्या रात्री कबूल केलं. मी अकाउंट्समध्ये असून माझं ऐकलं नव्हतं, विमा कंपनीचं ऐकलं.

३. आपली केस साधी की गुंत्याची?

खालच्यांपैकी एकही गोष्ट लागू नसेल तर केस साधी आहे, आणि मी ऑनलाइन सुचवेन:

- बीपी, शुगर, थायरॉइड, दमा, जुनं ऑपरेशन, किंवा आई-वडिलांना कमी वयात हृदयविकार किंवा कॅन्सर
- तंबाखू, गुटखा, सिगारेट, मिशरी, नियमित दारू
- पगाराची स्लिप नाही, रिटर्न नाहीत किंवा कमी उत्पन्नाचे आहेत
- धोक्याचं काम: उंचीवर, खाणीत, जहाजावर
- आधी एखाद्या कंपनीने पॉलिसी नाकारली आहे किंवा जास्त हप्ता लावला आहे
- घरात मागे राहणाऱ्या माणसाला कागदपत्रांची, मेलची, इंग्रजीची अजिबात सवय नाही

शेवटचा मुद्दा लोक विसरतात. पॉलिसी तुम्ही घेणार, पण वापरणार दुसरंच कोणीतरी.

गावाकडे उत्पन्नाचे कागद नसतील तर 'सरल जीवन बीमा' बघा. विमा नियामक आयआरडीएआयने १ जानेवारी २०२१ पासून सगळ्या आयुर्विमा कंपन्यांना ही एकसारख्या अटींची टर्म पॉलिसी ठेवायला लावली. अटी सगळीकडे त्याच असल्याने फक्त हप्ता तोलायचा. पहिल्या ४५ दिवसांत अपघात सोडून इतर कारणाने मृत्यू झाला तर मात्र पूर्ण रक्कम मिळत नाही.

४. ऑनलाइन वाट

ऑनलाइनमध्येही दोन दारं आहेत: कंपनीची स्वतःची वेबसाइट, आणि अनेक कंपन्यांचे हप्ते शेजारी-शेजारी दाखवणारी तुलना करणारी संकेतस्थळं. दुसरी सोयीची आहेत, पण त्यांनाही विक्रीवर पैसे मिळतात. त्यांनी वर दाखवलेली पॉलिसी तुमच्यासाठी सगळ्यात चांगली असेलच असं नाही. तिथे मोबाइल नंबर टाकला की फोन सुरू होतात. मला पहिल्या दोन दिवसांत नऊ आले. त्यातल्या एकाने "आज रात्री बारानंतर हा रेट मिळणार नाही, मॅडम" असं सांगितलं. तिसऱ्या दिवशीही तोच रेट होता. हप्ता वयावर ठरतो, त्यामुळे वाढदिवस ओलांडला की तो वाढू शकतो. एवढी एकच घाई खरी.

मी तुलना त्या संकेतस्थळावर केली आणि पॉलिसी कंपनीच्या वेबसाइटवरून घेतली.

ऑनलाइन स्वस्त का? मध्ये कमिशन घेणारं कोणी नसतं म्हणून. काही कंपन्या दोन दारांसाठी चक्क दोन नावांची पॉलिसी ठेवतात. एलआयसीने ऑगस्ट २०२४ मध्ये तरुणांसाठी टर्म आणली तेव्हा एजंटकडे मिळणारी 'युवा टर्म' आणि फक्त ऑनलाइन मिळणारी 'डिजी टर्म' अशी जोडी आणली. म्हणून एजंटने सांगितलेला हप्ता आणि वेबसाइटवरचा हप्ता तोलताना पॉलिसी तीच आहे ना, कव्हर, मुदत आणि रायडर (मूळ पॉलिसीला जोडून घेतलेले जादा फायदे) तेच आहेत ना, हे आधी बघा.

एक चांगली गोष्ट झाली आहे. वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर पूर्वी १८ टक्के जीएसटी लागायचा, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला आहे. जुनं कोटेशन कुणी दाखवत असेल तर नवं मागा.

५. एजंटची वाट

एक आयुर्विमा एजंट एकाच आयुर्विमा कंपनीचं काम करतो. त्यामुळे "सगळ्यात बेस्ट प्लॅन" असं तो म्हणतो तेव्हा त्याच्या कंपनीतला बेस्ट, एवढाच अर्थ घ्या. बँकेतला माणूस अनेकदा बँकेने करार केलेल्या कंपन्यांचं विकतो. ब्रोकर मात्र अनेक कंपन्यांचं दाखवू शकतो आणि कायद्याने तो ग्राहकाच्या बाजूचा असतो. समोरचा यांपैकी कोण आहे, हे पहिल्या भेटीतच विचारा. ओळखपत्र आणि एजन्सी कोड मागायला लाजू नका. चांगल्या एजंटला त्याचा राग येत नाही.

आमचे एजंट पन्नाशीचे, बावीस वर्षं हेच काम करणारे. त्यांना मी तीन प्रश्न विचारले: गेल्या वर्षात किती मृत्यू क्लेम करून दिलेत, त्यातला अडकलेला एखादा सांगा, आणि तुम्ही हे काम सोडलंत तर आमची पॉलिसी कोण बघणार? तिसऱ्या प्रश्नावर ते हसले आणि म्हणाले, "ताई, आमच्यात त्याला ऑर्फन पॉलिसी म्हणतात. माझा मुलगा एजन्सी करतो, त्याचा नंबरही लिहून घ्या." तेव्हाच मी ठरवलं, हेच.

त्यांनी काय केलं, ते सांगते, म्हणजे एजंटचे पैसे कशाचे हे कळेल. फॉर्म भरण्याआधी नवऱ्याच्या डॉक्टरांकडून बीपी किती वर्षांपासून आहे, कोणती गोळी, रीडिंग किती, असं पत्र घ्यायला लावलं. पहिल्या मेडिकलमध्ये बीपी जास्त आलं (रात्रभर वर्कशॉपमध्ये होता), तर कंपनीशी बोलून पुन्हा तपासणी करून घेतली. शेवटी कंपनीने 'लोडिंग' लावून, म्हणजे जादा हप्ता घेऊन, पॉलिसी द्यायचं कबूल केलं. ऑनलाइन भरलं असतं तर पहिल्याच तपासणीवर कदाचित नकार आला असता, आणि तो नकार पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये लिहावा लागला असता. म्हणून 'लागला तर लागला' म्हणून चार कंपन्यांकडे एकदम अर्ज टाकू नका.

"पहिला हप्ता माझ्याकडून" किंवा "कमिशनमधले अर्धे परत देतो" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ प्रमाणे अशी सूट देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, दंड १० लाखांपर्यंत. शिवाय पहिल्याच भेटीत कायदा वाकवणारा माणूस तुमचा फॉर्मही वाकवतो.

६. कंपनी निवडणं

सगळे क्लेम सेटलमेंट रेशोकडे, म्हणजे आलेल्या क्लेमपैकी कंपनीने किती टक्के दिले त्या आकड्याकडे, बोट दाखवतात. तो आयआरडीएआयच्या वार्षिक अहवालात असतो. मोठ्या कंपन्यांचा बहुतेक वेळा ९५ टक्क्यांच्या वरच असतो, तेव्हा ९८.५ की ९९.१ यावर रात्र घालवू नका. त्यात सगळ्या प्रकारच्या पॉलिसींचे क्लेम एकत्र मोजलेले असतात, नुसत्या टर्मचे नाहीत. मी संख्येसोबत रकमेचा रेशोही बघितला. संख्येत चांगला आणि रकमेत बराच कमी असेल तर मोठे क्लेम अडतात, अशी शंका यावी. तीन-चार वर्षांचे आकडे बघा आणि पुढे चला.

७. फॉर्म: सगळा खेळ इथे आहे

आधी कागद गोळा करा:

- पॅन, आधार, फोटो
- नोकरदार: तीन महिन्यांच्या स्लिप, फॉर्म १६, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट
- व्यवसायवाले: दोन-तीन वर्षांचे रिटर्न, उत्पन्नाच्या गणनेसह
- रद्द केलेला चेक
- आधीच्या सगळ्या आयुर्विमा पॉलिसींचे नंबर आणि रकमा (ऑफिसची ग्रुप पॉलिसी विचारली असेल तर तीही)
- जुन्या आजारांचे, ऑपरेशनचे, डिस्चार्जचे कागद
- नॉमिनीचं आधार, पॅन, बँक खातं

फॉर्ममध्ये तब्येतीचे वीस-पंचवीस प्रश्न असतात आणि बहुतेक एजंट सगळ्यांपुढे 'नाही' अशी टिक करून मोकळे होतात. आमच्या त्या जुन्या पॉलिसीच्या फॉर्मची प्रत मी नंतर काढून बघितली. तंबाखू: नाही. दारू: नाही. उंची-वजनसुद्धा अंदाजाने टाकलेलं. खाली सही नवऱ्याची. क्लेम अडतो तो इथे, कारण सही ज्याची, उत्तर त्याचं. आता सहीच्या जागी ओटीपी आला आहे. एजंट म्हणतो, "साहेब, एक ओटीपी आलाय तो सांगा," आणि तुम्ही न वाचलेल्या फॉर्मवर तुमची संमती जाते. आम्ही नियम केला: आधी भरलेला फॉर्म पीडीएफमध्ये पाठवा, मग ओटीपी.

ऑनलाइनमध्ये दुसरा धोका असतो. तिथे खोटं बोलायला कोणी सांगत नाही, पण कंटाळा येतो. तिसऱ्या पानावर मीच 'गेल्या पाच वर्षांत कुठली तपासणी केली का' याला 'नाही' म्हणून पुढे गेले होते. दोन वर्षांपूर्वीची सोनोग्राफी आठवली तेव्हा मागे येऊन दुरुस्त केलं. फॉर्म एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका, तो सेव्ह होतो.

तंबाखूबद्दल थोडं सविस्तर. 'स्मोकर' या शब्दावर जाऊ नका. मळून खाल्लेली तंबाखू, गुटखा, पानातली तंबाखू, दातांना लावायची मिशरी, हे सगळं त्यात येतं. आपल्याकडे कितीतरी बायका सकाळी मिशरी लावतात आणि "मला कसलं व्यसन नाही" असं मनापासून सांगतात. लघवीच्या तपासणीत कोटिनिन (तंबाखूचा शरीरात उरणारा अंश) सापडलं की कंपनी ते मानत नाही. तंबाखूवाल्यांचा हप्ता बराच जास्त असतो, हे खरं. नवऱ्याने तो भरायचं ठरवलं. तीन महिने सोडून मग 'नाही' लिहावं, असाही सल्ला त्याला वर्कशॉपमध्ये मिळाला होता. फॉर्ममध्ये मागचं वर्ष किंवा त्याहून जुना काळ विचारलेला असतो, तेव्हा तेही खोटंच ठरलं असतं.

खरं लिहिल्यावर कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. त्याच विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणाने तिच्यावर प्रश्न उभा करता येत नाही. पण "तीन वर्षं काढली की झालं" हा सल्ला घातक आहे. ती तीन वर्षं पाहणार कोण? आणि हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा चालू केली, तर तीन वर्षं त्या दिवसापासून नव्याने मोजली जातात.

रायडरबद्दल: अपघाती मृत्यू आणि अपंगत्वात हप्ता माफी हे दोन मला ठीक वाटले. बाकीचे वाचून ठेवून दिले.

८. मेडिकल आणि पैसे

घरी येऊन रक्त-लघवी नेतात, वय आणि रक्कम जास्त असेल तर सेंटरवर ईसीजी, ट्रेडमिल. कंपनीच खर्च करते. आदल्या रात्री जागरण नको, सकाळी उपाशीपोटी जा. मेडिकल झाली याचा अर्थ कंपनीला सगळं कळलं, असा नाही. फॉर्ममध्ये न लिहिलेला आजार तपासणीत सापडला नाही म्हणून माफ होत नाही.

पैसे नेहमी कंपनीच्या नावानेच द्या, स्वतःच्या खात्यातून. एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही. १ मार्च २०२५ पासून 'बीमा-अस्बा' नावाची सोय आली आहे. त्यात रक्कम तुमच्याच खात्यात अडकवून ठेवली जाते आणि कंपनीने अर्ज मंजूर केल्यावरच कापली जाते. कंपनी देत असेल तर तीच निवडा.

९. नॉमिनीचं नाव आणि कर्जदारांचा प्रश्न

माझ्या आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, आणि बँकेत सासरचं पण मधलं नाव गाळलेलं. महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत ही कथा असेल. नवऱ्याच्या पॉलिसीत माझं नाव टाकण्याआधी मी पॅन दुरुस्त करून घेतलं. क्लेमच्या वेळी 'ही तीच बाई' हे सिद्ध करायला विवाह नोंदणी दाखला, राजपत्रातली प्रत, प्रतिज्ञापत्र असं सगळं शोधत फिरावं लागतं, आणि ती वेळ फिरण्याची नसते. नॉमिनी अल्पवयीन मूल असेल तर त्याच्या वतीने रक्कम घेणारी मोठी व्यक्तीही लिहा. लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीत अजून आईचंच नाव असेल तर ते तसंच ठेवायचंय का, हे ठरवा.

धंद्यात कर्ज असेल तर 'विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा १८७४' खाली पॉलिसी घ्या. याचं इंग्रजी लघुरूप एमडब्ल्यूपी. एजंटला एवढं म्हटलं तरी कळतं. त्यात बायको-मुलं लाभार्थी होतात आणि देणेकऱ्यांना त्या रकमेला हात लावता येत नाही. ही निवड पॉलिसी घेतानाच करावी लागते, नंतर नाही. आणि एकदा नावं दिली की नवऱ्याला ती बदलता येत नाहीत. ऑनलाइन फॉर्ममध्येही हा पर्याय असतो, एका छोट्या चौकोनात, आणि तिथे थांबून समजावणारं कोणी नसतं. आमच्या एजंटांनी अर्धा तास त्यावर घालवला.

१०. पॉलिसी आल्यावरचे ३० दिवस

पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवस 'फ्री-लुक'चे असतात. या काळात पटली नाही तर परत करता येते. मेडिकलचा खर्च, स्टॅम्प ड्युटी आणि तेवढ्या दिवसांच्या कव्हरचे पैसे कापून बाकी मिळतात. पॉलिसीसोबत तुमच्या फॉर्मची प्रत जोडलेली असते, आधी ती वाचा. नाव, जन्मतारीख, तंबाखूचं उत्तर, आजारांची उत्तरं, नॉमिनी. चूक दिसली तर फोनवर सांगून सोडू नका, मेल करा.

हप्ता ऑटो-डेबिटला लावा. ग्रेस पीरियड, म्हणजे हप्त्याची तारीख उलटल्यावर मिळणारी सवलत, वार्षिक हप्त्याला ३० दिवस आणि मासिक हप्त्याला १५ दिवस. मी वार्षिक घेतला, बारा वेळा खात्यात पैसे आहेत का बघण्याचा ताप नको. करबचतीसाठी म्हणून घेत असाल तर ८०सी ची वजावट जुन्या कररचनेतच मिळते, हेही बघून घ्या.

११. घरी सांगा

नवऱ्याच्या एका मित्राचा मुंबई-आग्रा हायवेवर अपघाती मृत्यू झाला. त्याने टर्म पॉलिसी ऑनलाइन घेतली होती आणि घरात कोणालाच माहीत नव्हती. पॉलिसी मेलमध्ये, मेल मोबाइलमध्ये, मोबाइलला पासवर्ड. दोन महिन्यांनी वहिनी बँक स्टेटमेंटची चळत घेऊन माझ्याकडे आल्या, कुठे काही येणं आहे का बघायला. पानं उलटताना एप्रिलमध्ये दरवर्षी एकच रक्कम एका विमा कंपनीला गेलेली दिसली. त्यावरून पॉलिसी सापडली. रक्कम मिळाली, पण कागद जमवायला आम्हाला किती दिवस लागले! मृत्यू दाखला, एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वहिनींचं केवायसी, रद्द चेक. एजंट असता तर तो सांत्वनाला आला असता आणि जाताना कागदांची यादी देऊन गेला असता. ऑनलाइन घेणाऱ्याने हे काम स्वतः जिवंतपणीच करून ठेवायचं असतं.

क्लेमचे सगळे कागद दिल्यावर, चौकशीची गरज नसेल तर कंपनीने १५ दिवसांत आणि चौकशी असेल तर ४५ दिवसांत निकाल द्यायचा असतो. दिला नाही किंवा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. मग आयआरडीएआयचं 'बीमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ हा टोल-फ्री नंबर. तिथेही जमलं नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून वर्षभराच्या आत जावं लागतं. "आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमचा बोनस आलाय" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. आयआरडीएआय पॉलिसीही विकत नाही आणि बोनसही वाटत नाही.

माझी ऑनलाइन पॉलिसी मी पूर्ण छापून घेतली आहे. वर एक पान मराठीत: कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर, रक्कम, हप्त्याची तारीख, कुठल्या खात्यातून जातो, क्लेमचा फोन, लागणारे कागद. नवऱ्याच्या पानावर एजंटचा आणि त्यांच्या मुलाचा नंबर जास्तीचा. दोन्ही एका लाल फाइलमध्ये, कपाटात, घराच्या खरेदीखताशेजारी. सासूबाईंना ती काढून दाखवली तेव्हा त्या आधी म्हणाल्या, "कशाला असलं अभद्र बोलतेस?" आणि मग विचारलं, "लाल म्हणजे ही खालचीच ना?"